चौथ्या हातातला गेम

"मेल्यावर पोट हलवू नको गं," धैर्यशील ओठ न हलवता म्हणाला.

त्याचा उजवा पाय माझ्या पोटावर होता आणि हातात चंदेरी कागद चिकटवलेली लाकडी तलवार. मी राक्षसीण होते आणि त्या संध्याकाळी पुन्हा एकदा मेले होते. निर्धारी तरुणानं व्यसनासुरीचा वध केला, असं स्पीकरमधून जंगम सरांचा आवाज सांगत होता. मांडवासमोरची गर्दी टाळ्या वाजवून पुढच्या मंडळाचा देखावा बघायला सरकत होती आणि मला श्वास घ्यायचा होता. श्वास घेतला की माझं पोट वर यायचं, पोट वर आलं की धैर्यशीलचा पाय डगमगायचा आणि फोटोसाठी घेतलेली त्याची पोज बिघडायची. माझं पोट काही लपवण्यासारखं नव्हतं. राक्षसिणीच्या भूमिकेसाठी मंडळानं मला एकमतानं निवडलं होतं, आणि हिला मेकअप फारसा लागणार नाही, हेही कुणीतरी बैठकीत बोलून दाखवलं होतं.

त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटत होतं की ही सगळी कल्पना माझीच होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. कराडला माझ्या हिंदुरावमामाचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे शटरमागची एक लांबट खोली, भिंतीला लावलेली दोन-तीन मशिनं आणि दाराशी मामाचा गल्ला. आई आणि मी मामाकडेच राहायचो. वडिलांनी दुसरं घर केल्यावर आई मला घेऊन माहेरी आली होती. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला अडकून पडले होते. दुपारी मामा जेवायला गेला की गल्ल्यावर बसून पोरांना कॉईन देण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि त्यात मात्र मी कधी नापास झाले नाही.

त्या वर्षी मामानं मुंबईहून एक जुनं मशिन आणलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते कुणी वाचलं नाही. सगळे त्याला 'हत्यारांचा गेम' म्हणायला लागले. एकाकडे कुऱ्हाड, दुसऱ्याकडे दोन तलवारी, एक म्हातारा भला मोठा विळा घेऊन, एक सरड्याच्या तोंडाचा इसम ढाल घेऊन, आणि मागे जळणारे किल्ले व आकाशात तीन चंद्र. मामाला वाटलं, पोरांची झुंबड उडेल. पोरं आली, त्यांनी एकेक कॉईन टाकला आणि ती परत आपल्या जुन्या लाथाबुक्क्यांच्या मशिनकडे गेली. त्यांचं म्हणणं, हा गेम सुस्त आहे. बटण दाबलं तरी कुऱ्हाड वर जायला वेळ लागतो, तोवर समोरचा येऊन हाणून जातो. वार अडवायला शिकावं लागतं, आणि चुकीच्या वेळी अडवला तर आपलंच हत्यार हातातून उडतं. शिकावं लागणार असेल तर शाळा काय वाईट होती, असं एकानं विचारलं आणि जाता जाता मशिनला लाथ घातली.

त्या गेममध्ये एक बाई होती. धिप्पाड, हातात गदा, चालायला मंद. पोरं तिला म्हैस म्हणत आणि कुणी तिला घेत नसे. मी घेतलं, कारण दुपारी पार्लर रिकामं असायचं आणि मला तिच्याविषयी का कोण जाणे आपलेपणा वाटला. आधी तिच्यासोबत भरपूर मार खाल्ला. मग लक्षात आलं की तिनं मारायला जायचंच नसतं. जागेवर उभं राहायचं, वार अंगावर येऊ द्यायचा, अगदी शेवटी गदेवर घ्यायचा आणि समोरच्याचं हत्यार उडालं की मग एकच टोला. पावसाळा अर्धा सरेपर्यंत मला हरवणारं कुणी उरलं नाही. खरं सांगायचं तर तो गेम खेळणारंच कुणी उरलं नव्हतं. फक्त धैर्यशील यायचा. तालमीत जाणारा, गल्लीतला सगळ्यात देखणा पोरगा. तो यायचा, हरायचा आणि बटणं खराब आहेत असं सांगून निघून जायचा.

कॉलेजात मागे पडलेली, 'मुलगी अंगानं जरा जास्त आहे' म्हणून स्थळांनी परत पाठवलेली मी, त्या मशिनसमोर मात्र कुणीतरी होते. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक हसले असते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

गणपती तोंडावर आले तेव्हा मामा म्हणाला, "वैजे, ह्ये मशिन परत पाठवतोय. व्यापाऱ्याशी बोललोय. इसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येईल."

"आणि तोवर चाललं तर?"

"चालवून दाव. मग ठेवतो."

म्हणून मी डोकं चालवलं. आमच्याकडे गणपतीत जिवंत देखावे असतात. माणसं तोंडं रंगवून स्टेजवर उभी राहतात. संवाद आधीच टेपवर भरलेले असतात, नटांनी नुसते ओठ आणि हात हलवायचे. समोरची गर्दी बदलली की टेप मागे घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या मंडळाला त्या वर्षी विषय सुचत नव्हता. मी मामाकरवी सुचवलं की हत्यारांच्या गेममधली लढाई करा. सगळा गाव बघेल, पोरांना गेमची गोडी लागेल, पार्लरमध्ये रांग लागेल आणि मशिन कराडातच राहील. बेत इतका बिनचूक होता की मला रात्रभर माझंच कौतुक वाटत राहिलं.

मंडळाला लढाई आवडली. पण जंगम सर म्हणाले, नुसत्या लढाईला परीक्षक गुण देत नाहीत, संदेश पाहिजे. जंगम सर हायस्कूलला मराठी शिकवायचे आणि मंडळाचे सगळे देखावे तेच लिहायचे. हुंडा होऊन गेला होता, झाडं लावणं होऊन गेलं होतं, साक्षरता तर पुन्हा पुन्हा झाली होती. राहता राहिलं व्यसन. तेव्हा गदावाली बाई व्यसनासुरी झाली, कुऱ्हाडवाला निर्धारी तरुण झाला आणि कुऱ्हाड शोभत नाही म्हणून त्याला तलवार मिळाली. तरुण कोण होणार हे विचारायची गरजच नव्हती. व्यसनासुरीला चार हात देण्यात आले, दोन माझे आणि दोन जुन्या पायमोज्यांत कापूस भरून केलेले. एका हातात गदा, दुसऱ्यात बाटली, तिसऱ्यात गुटख्याच्या पुड्यांची माळ. चौथ्या हातात काय असणार, ते सर काही सांगेनात.

ते रंगीत तालमीला कळलं. टेप लागली. व्यसनासुरीचा आवाज सरांनी स्वतःच दिला होता. ती बराच वेळ गडगडाटी हसायची आणि मला सरांच्या त्या हसण्यावर तोंड उघडून उभं राहायचं होतं. हसून झाल्यावर ती म्हणाली, "दारू, गुटखा आणि व्हिडिओ गेम, हीच माझी शस्त्रे." आणि सरांनी पुढे होऊन माझ्या चौथ्या हातात एका मोडक्या मशिनची गेम खेळायची दांडी बांधली.

"सर," मी म्हटलं, "तिथं मटका घाला की. गेम कशाला?"

"मटकाच घातला होता," सर हलक्या आवाजात म्हणाले. "पण निम्मे देणगीदार दुखावले असते."

टेप पुन्हा भरा म्हटलं तर स्टुडिओ कोल्हापूरला होता. तोवर मांडवात तोरणंही लागली होती.

लढाई साधी होती. पहिल्या वाराला माझ्या हातातली बाटली गळायची, दुसऱ्याला गुटख्याचा कापसाचा हात, तिसऱ्याला व्हिडिओ गेमचा, आणि मी आडवी. गर्दी टाळ्या वाजवायची. आया पोरांना पुढे धरून माझा चौथा हात दाखवायच्या. दोन-तीन दिवसांत पार्लरमध्ये चिटपाखरू दिसेना. हत्यारांच्या गेमचं सोडाच, लाथाबुक्क्यांच्या मशिनवरही कुणी येईना. मामा मला वाईट काही बोलला नाही. फक्त एकदा जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "भाचे, लई उपकार केलेस."

परीक्षक यायच्या दिवशी दुपारी त्यानं टेम्पोवाल्याशी पक्कं करून टाकलं. मी गल्ल्यावर बसून ते ऐकलं आणि उठून राक्षसीण व्हायला गेले.

परीक्षक समोर खुर्च्यांवर बसले होते. धैर्यशील अंगाला तेल लावून आला होता आणि त्याला जोर चढला होता. पहिल्या वाराला बाटली गळाली. दुसरा वार गुटख्याच्या हाताऐवजी माझ्या खऱ्या खांद्यावर बसला आणि डोळ्यांत पाणी आलं. मग तिसरा आला. त्या क्षणी मी ठरवून बंड केलं असं सांगायला मला आवडतं. माझ्या मुलांना मी ते तसंच सांगत आले आहे. पण खरी गोष्ट एवढीच की तो वार मशिनवर दिसायचा तसा मला दिसला आणि हात आपोआप वर गेला. माझ्या गदेचा गोळा थर्माकोलचा होता, पण दांडा कुदळीचा होता. खाट्‌कन आवाज झाला आणि निर्धारी तरुणाची तलवार उडून परीक्षकांच्या पायाशी पडली.

टेपला त्याचं काही नव्हतं. निर्धारी तरुणानं व्यसनासुरीचा वध केला, असं तिनं जाहीर करून टाकलं. मी उभी होते. धैर्यशीलनं सवयीनं पाय उचलला, पोट सापडेना, तेव्हा तो मुकाट्यानं खाली ठेवला.

"वैजयंता, पड," पडद्यामागून सरांचा आवाज आला.

मलाही पडायचंच होतं. पण समोर रिकाम्या हातांचा माणूस उभा असताना कोणत्या निमित्तानं पडू, ते सुचेना. गर्दीत आधी हसू फुटलं, मग शिट्ट्या सुरू झाल्या. बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "पडू नगं गं बाई." परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते उठून गेले. युवाशक्तीला हरवून व्यसन विजयी झाल्याचा देखावा त्यांच्या पाहण्यात पहिलाच असावा.

बक्षीस गेलं. दुसऱ्या दिवशी शेवटचा खेळ होता. मला काढून टाकावं असं मंडळातल्या पुष्कळांचं मत होतं, पण राक्षसिणीचा झगा दुसऱ्या कुणाला बसेना. तेव्हा त्याच रात्री जंगम सर स्वतः आमच्या खोलीवर आले. आईनं चहा टाकला. सर रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते कॉटच्या कडेला अवघडून बसले आणि म्हणाले, "बक्षीस मला आजवर कधीच मिळालेलं नाही, त्याचं काही नाही. पण शेवटच्या दिवशी गणपतीसमोर व्यसन जिंकलं, असं राहायला नको. मी शिक्षक आहे गं."

मला त्यांची दया आली. तरी मी अट घातली. चौथा हात रिकामा ठेवायचा आणि टेपवर 'व्हिडिओ गेम' ऐकू येता कामा नये. सरांनी खूप विचार केला आणि तेवढ्या शब्दापुरता आवाज बारीक करण्याचं कबूल केलं. आता हो म्हणण्याची पाळी माझी होती, आणि माझ्या तोंडून ते निघेना. उद्या पडले की परवा मशिन जाणार आणि मी पुन्हा नुसती वैजी उरणार, एवढंच डोक्यात होतं.

आई स्टोव्हपाशी पाठमोरी बसली होती. ती तशीच म्हणाली, "पड की गं. बाईला पडायला काय लागतंय? मी न्हाई का पडले?"

सरांनी चहाच्या कपात मान घातली. मी हो म्हणाले.

शेवटच्या संध्याकाळी ओगलेवाडीपासून मलकापूरपर्यंतची माणसं आली होती. न पडणारी राक्षसीण बघायची म्हणून बायका लेकरं काखेला मारून पुढे बसल्या होत्या. टेप लागली. मी सरांचं हसू हसले. "दारू, गुटखा आणि" इथपर्यंत आवाज आला, आणि शब्द निसटू नये या धास्तीनं सरांनी बटण इतकं जोरात पिळलं की ते उपटून त्यांच्या हातात आलं. आवाज गेला तो गेलाच.

निर्धारी तरुणाचं भाषण गेलं, संदेश गेला. आम्ही दोघं नुसते ओठ हलवत राहिलो. मग धैर्यशीलनं तलवार उचलली. मी शब्द दिला होता. मी गदा खाली केली, वार येऊ दिले आणि पडले.

कुणी टाळी वाजवली नाही. आवाजच नसल्यामुळे मी व्यसन आहे आणि तो निर्धार आहे, हे गर्दीला कळायला मार्ग नव्हता. त्यांनी एवढंच पाहिलं की जिला वार अडवता येतो ती बाई गदा खाली करून मार खात उभी राहिली. "मुद्दाम पाडली," कुणीतरी म्हणालं. दुसरी एक बाई म्हणाली, "पडायला लावली तिला." धैर्यशीलनं पोटावर पाय ठेवला तेव्हा गर्दीतून एका म्हाताऱ्यानं त्याला तो काढायला सांगितलं, आणि त्यानं काढला. मी डोळे मिटून पडले होते. मला रडू आलं आणि गालांवरचा काळा रंग कानांत गेला. मशिन जाणार होतं, सगळं करूनही जाणार होतं, दुसरं काही मला वाटत नव्हतं.

त्याच रात्री विसर्जनाच्या मिरवणुकीत धैर्यशील भेटेल त्याला आपण वैजूला कशी पाडली ते सांगत होता. कुणीतरी विचारलं, "मशिनवर पाडलीस व्हय रं कधी?" चिडून तो म्हणाला, उद्या पाडून दाखवतो.

सकाळी मी शटर वर केलं तर दारात टेम्पो उभा होता आणि टेम्पोच्या पुढे माणसं. धैर्यशील पुढे झाला, त्यानं कॉईन टाकला आणि आपला कुऱ्हाडवाला निवडला. मी गल्ल्यावरून उठेपर्यंत ओगलेवाडीच्या एका दूधवाल्यानं गदावाली घेतली होती. तो हरला. त्याच्यामागून दुसऱ्यानं तिलाच घेतलं, मग तिसऱ्यानं. सगळ्यांना गदावालीच हवी होती आणि सगळ्यांना धैर्यशीललाच मारायचं होतं. "जाऊ नगं पुढं, येऊ दे त्येला अंगावर," असं माणसं एकमेकांना ओरडून सांगत होती. कित्येक दुपारी एकटीनं उभं राहून शोधलेली माझी खुबी आता आख्खं पार्लर शिकवत होतं. धैर्यशीलची कुऱ्हाड पहिल्यांदा उडाली तेव्हा रस्त्यावरची माणसं आत डोकावली. टेम्पोवाला आधी घड्याळ बघत होता, मग पडद्याकडे बघायला लागला, मग त्यानंही रांग धरली. त्याचा नंबर लागून गेल्यावर मामानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू दे आता ते हितंच." टेम्पो रिकामा गेला.

मशिन राहिलं. मला मात्र त्या दिवशी एकदाही खेळायला मिळालं नाही. मी गल्ल्यावर कॉईन देत बसले होते आणि ती पडद्यावर जिंकत होती, ज्यांनी तिला कालपर्यंत हात लावला नव्हता त्यांच्या हातून. मला आनंद झाला होता आणि त्या दूधवाल्याचा हेवाही वाटत होता.

जेवायची वेळ टळून गेली तेव्हा आई आली. पार्लरमध्ये तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. माणसांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. मला वाटलं, हाताला धरून घरी नेणार. ती मशिनसमोर थांबली.

"ह्यातली तू कंची?"

"ती जाडी," मी म्हटलं.

तिनं थोडा वेळ बघितलं. मग पदर कमरेला खोचला आणि माझ्यापुढे हात केला. मी कॉईन दिला. तुला येत नाही ते, असं म्हणायचं ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा बघून गिळलं. धैर्यशील म्हणाला, काकू, तुमच्याशी कसा खेळू. ती म्हणाली, मुकाट्यानं खेळ. तिनं दोन्ही हातांनी सगळी बटणं एकदम बडवायला सुरुवात केली. धैर्यशीलनं बराच वेळ नुसतं चुकवलं, शेवटी त्याचा एक वार चुकून बसला आणि गदावाली आडवी झाली. पडद्यावर आकडे उलटे उतरायला लागले. शून्य व्हायच्या आत कॉईन टाकला तर ती उठते, नाहीतर खेळ संपतो, हे शेजारच्या कुणीतरी आईला सांगितलं.

आईनं पडद्यावरची नजर काढली नाही. नुसता हात मागे केला.

"वैजे, बघत काय बसलीस? दे की अजून एक. तिला उठायचंय."